बारीक घर

चारच रंग.
बांधावरची पिवळी माती, फडक्यातून तीनदा गाळलेली,
गेरू,
चुलीवरच्या गंजाच्या बुडाची काजळी,
आणि साकोलीच्या हार्डवेअरवाल्याकडून पाव किलो झिंक.
त्यानं विचारलं, दाराला लावता का?
म्हटलं, तोंडाला.

रंग बांधायला अंड्याचा बलक. कोंबडी तिचीच,
अंतकलाबाई नेवारेची.
"अंडं माहं, माती तरावाची, काजरी माह्या गंजाची,
मंग याच्यात तुहं काय गा मास्तर?"
रेघ, मी म्हणालो.
तिला ते फारसं पटलं नाही.

मच्छीमार संस्थेच्या हापिसात सहा अध्यक्षांचे फोटो,
सहाही टोपीतले. सातवी ही.
फोटोवाला आला की मान फिरवते,
आधारकार्डावर कोणी दुसरीच बाई बसलीय म्हणते.
म्हणून ठराव झाला, मास्तरांनी काढावं.
मानधन दोन मरळ. सूचक, अनुमोदक, सह्या.

मामा तलावाच्या पाळीवर, कवठाखाली बसवली तिला.
रिकामी बसेना. फाटकं जाळं मांडीवर,
हात गाठी मारताहेत, तोंड माझ्याकडं.

हा रंग थांबत नाही. ब्रश उचलेस्तोवर वाळतो.
एकात दुसरा कालवता येत नाही,
बोटानं पुसून गाल गोल करता येत नाही.
रेघ, तिच्या शेजारी रेघ,
गालाच्या उतारानं खाली,
मग तिरपी, तिरपीवर आडवी,
हाडाखाली दाट, ऊन बसतं तिथं विरळ.
पिवळ्यावरून गेरू जातो
आणि गेरूच्या फटीतून पिवळा बघत राहतो.
चार पावलं मागं सरकलं
की ती कातडी होते.

तिसऱ्या दिवशी उठून आली, वाकली.
"घरं मोठी पडली मास्तर.
मानेखालून मासोरी निंगून जाईन."
पाहिलं तर खरंच,
तिथली सावली गळत होती.
एकतीस वर्षं फळ्यावर शिकवलं मी, छाया म्हणजे काय ते.
"मोठ्या घराचं जारं मरळीले,
बारीक घराचं झिंग्याले."
अंधाराला कुठलं, ते विचारायचं राहिलं.

सगळ्यात शेवटी डावा डोळा.
लहानपणी मळणीत धानाचं कुसळ गेलं,
तेव्हापासून त्यात फूल.
ते निळं आहे. पहाटे तलावावर
धुकं उठायच्या आधी असतं तितकंच.
आणि माझ्याकडं निळा नाही.
दोन दिवस तो डोळा कोरा ठेवला.
नागपूरला जाणाऱ्या एसटीकडं पाहिलंही एकदा.

मग काजळीत झिंक, पुन्हा झिंक,
केसाएवढ्या रेघा, बुबुळाभोवती फिरवत.
पापणीवर गेरू होता, तापलेला,
त्याच्या शेजारी ती राख थंड पडत गेली,
थंड पडत
पडत
निळी.

"लपवून ठेवला होता ना निरा?"
नाही बाई, काळाच तो.
तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला
आणि फुलाच्या डोळ्यानं बराच वेळ चित्राकडं पाहिलं.
काय दिसलं, बोलली नाही.
म्हणाली, "आन इकडं."

ब्रश जाळ्याच्या सुईसारखा धरला.
मानेखाली आठ-दहा रेघा, खालून वर, माझ्या उलट,
रंग जाड, एक तर फळीच्या कडेवरून पार बाहेर.
"आता नायी निंगत."

चित्र हापिसात लागलंय, रजिस्टराच्या कपाटाशेजारी,
सहा टोप्यांच्या रांगेत, खिळा जरासा खाली.
सेक्रेटरी भेटला की म्हणतो,
मानेजवळ थोडं खराब झालंय मास्तर,
तेवढं दुरुस्त करून द्या.

मी म्हणतो, अंडी संपली.